धनुष्य उलटून पाहताना

होमरच्या 'ओडिसी'च्या एकविसाव्या सर्गात धनुष्याच्या पणाचा प्रसंग आहे. पेनेलोपीने कोठारातून पतीचे जुने धनुष्य काढून आणले आहे. जो त्यावर प्रत्यंचा चढवील आणि ओळीने मांडलेल्या बारा कुऱ्हाडींमधून बाण पार करील, त्याला ती वरणार आहे. विवाहेच्छू तरुण एकामागून एक हरतात. शेवटी भिकाऱ्याच्या वेषातल्या ओडिसियसच्या हाती ते धनुष्य येते. तो लगेच जोर लावत नाही. धनुष्य सर्व बाजूंनी फिरवून, उलटसुलट करून तो पाहतो. धनी परदेशी असताना त्याच्या शिंगाला किडीने पोखरले तर नाही ना, याची खात्री करून घेतो. जमलेली मंडळी त्याची कुचेष्टा करतात. हा धनुष्यांचा मोठा जाणकार दिसतो, याच्या घरी असली धनुष्ये असावीत किंवा असेच एक बनवण्याचा याचा बेत असावा, असे ती म्हणतात.

वापरलेले जुने धनुष्य हाती घेतल्यावर ते कसे पारखावे, याचे इतके नेमके वर्णन साहित्यात दुसरे आमच्या पाहण्यात नाही. हा प्रसंग आठवण्याचे निमित्त मात्र अगदी व्यावहारिक आहे. धनुर्विद्या शिकू पाहणाऱ्या माणसापुढे, विशेषतः अमेरिकेत, आज एक पेच उभा राहतो. साधारण १०० ते १५० डॉलरांत मिळणारे नवे, कारखान्यात बनलेले रिकर्व्ह धनुष्य घ्यावे, की तेवढ्याच पैशांत कुणाच्या तरी माळ्यावरून उतरलेले १९६० च्या दशकातले देखणे, एकसंध लाकडी धनुष्य घ्यावे? 'जुने ते सोने' ही आपल्याकडची म्हण दुसऱ्या बाजूला कौल देते. साहित्याच्या अभ्यासकांची मनेही बहुधा तिकडेच झुकतील, कारण जुन्या वस्तूविषयीची ओढ हा आपला व्यवसायजन्य दोष आहे. परंतु धनुष्याचा इतिहास आणि धनुष्यांच्या कथा एकत्र ठेवून पाहिल्या, तर त्या म्हणीइतके सोपे उत्तर देत नाहीत, असे आम्हांस वाटते.

प्रथम 'रिकर्व्ह' म्हणजे काय ते पाहू. साध्या धनुष्याची दोन्ही पाती एकाच दिशेला, धनुर्धराकडे, वाकलेली असतात. रिकर्व्हमध्ये पात्यांची टोके उलट, लक्ष्याच्या दिशेने, वळवलेली असतात. प्रत्यंचा चढवल्यावर ती या वळणावर काही अंतर टेकून बसते, आणि धनुष्य ओढत गेले की हळूहळू तिथून सुटी होते. त्यामुळे ओढीच्या शेवटी जोर एकदम वाढत नाही, आणि कमी लांबीच्या धनुष्यात अधिक शक्ती साठवता येते. ही कल्पना फार प्राचीन आहे. आशियातल्या घोडेस्वारांची मिश्र धनुष्ये अशीच होती. मधे लाकडाचा गाभा, धनुर्धराकडच्या बाजूस शिंगाचा थर, लक्ष्याकडच्या बाजूस स्नायूंच्या तंतूंचा थर आणि हे सारे धरून ठेवणारा प्राणिज सरस अशी त्यांची रचना असे. धनुष्य वाकले की शिंग दाब सोसते आणि स्नायू ताण सोसतो. ओडिसियसचे धनुष्य याच जातीचे असावे असे अनेक अभ्यासक मानतात, आणि त्याने शिंगाला लागलेली कीड शोधावी याचा अर्थही मग उलगडतो.

आपल्याकडे विष्णूच्या धनुष्याचे 'शार्ङ्ग' हे नाव शृंगावरूनच आले आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराध्यक्षाच्या प्रकरणात ताड, चाप नावाचा बांबू, लाकूड आणि शिंग अशा चार द्रव्यांची धनुष्ये सांगितली आहेत. प्रत्यंचेसाठी मूर्वा, रुई, ताग, स्नायू इत्यादींची यादीही आहे. त्याच प्रकरणाच्या आरंभी अध्यक्षाने शस्त्रांची जागा वारंवार बदलावी, त्यांना ऊन-वारा द्यावा आणि उष्मा, ओल व कीड यांनी बिघडू लागलेली शस्त्रे हलवून दुसरीकडे ठेवावीत, असे विधान आहे. म्हणजे ओडिसियस जे करतो ते एखाद्या वीराचे वैशिष्ट्य नव्हे. शस्त्रे सांभाळणाऱ्याचे ते नित्यकर्म होते. काळ धनुष्याला नुसता प्रतिष्ठा देत नाही, त्याला आतून खातही असतो, हे त्या लोकांना पक्के ठाऊक होते.

आजचे जुने रिकर्व्ह मात्र शिंगाचे नाही. त्याची वंशावळ वेगळी आणि बरीच अलीकडची आहे. १९११ साली कॅलिफोर्नियात याही जमातीचा शेवटचा उरलेला माणूस, इशी, लोकवस्तीत आला. सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात राहत असताना त्याने सॅक्स्टन पोप या शल्यचिकित्सकाला धनुष्य बनवण्याची आणि चालवण्याची विद्या दिली. इशी १९१६ साली वारला. पोप यांनी १९२३ साली धनुष्याने केलेल्या शिकारीवर पुस्तक लिहिले, आणि त्यांचा शिकारी सोबती आर्थर यंग याने आपल्या मोहिमांचे चित्रपट गावोगाव दाखवले. डेट्रॉइटमध्ये असा एक खेळ पाहून ज्यांना या विद्येचे वेड लागले त्यांत फ्रेड बेअर होते. त्यांनी १९३३ साली डेट्रॉइटमध्ये व्यवसाय थाटला आणि १९४७ साली तो मिशिगनमधल्या ग्रेलिंग या गावी हलवला.

याच सुमारास धनुष्याच्या अंतरंगात मोठा बदल घडला. दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लास सहज मिळू लागला. मेपलच्या पातळ पट्ट्यांचा गाभा आणि त्याच्या दोन्ही अंगांना एकाच दिशेने तंतू असलेल्या फायबरग्लासचे थर, अशी रचना १९५० च्या दशकात रूढ झाली. नीट पाहिले तर ही जुन्या मिश्र धनुष्याचीच पुनरावृत्ती आहे. शिंग आणि स्नायू या दोहोंची कामे आता काच करू लागली आणि सरसाची जागा कृत्रिम गोंदाने घेतली. मात्र एक फरक मूलगामी होता. काचेला कीड लागत नाही, आणि पावसाळी हवेत ती स्नायूसारखी सैल पडत नाही. जे धनुष्य बनवायला पूर्वी एकेक वर्ष लागे, ते कारखान्यात साच्यात दाबून हजारोंच्या संख्येने निघू लागले. बेअर, बेन पिअर्सन, होइट अशा नावांनी पुढची वीस वर्षे गाजवली. मुठीसाठी रोझवूडसारखी घट्ट, सुंदर रेषांची लाकडे वापरली जात. आज ज्यांना लोक हौसेने 'व्हिंटेज' म्हणतात ती धनुष्ये मुख्यतः या काळातली आहेत.

मग ती माळ्यावर का गेली? मिसूरी राज्यातल्या होलेस विल्बर ॲलन याने धनुष्याच्या टोकांना विकेंद्री चाके बसवून ओढीचा भार शेवटी हलका होईल अशी युक्ती काढली. त्याने १९६६ साली अर्ज केला आणि १९६९ साली त्याला पेटंट मिळाले. हेच कंपाउंड धनुष्य. शिकाऱ्यांना ते सोयीचे होते, आणि १९७० चे दशक संपेपर्यंत अमेरिकेच्या शिकारी बाजारात त्याचा वरचष्मा झाला. दुसरीकडे १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये तिरंदाजीचे पुनरागमन झाले आणि तिथे रिकर्व्ह टिकले; पण ते स्पर्धेचे, जोडकामाचे, पुढे धातूच्या मुठीचे रिकर्व्ह होते. मधल्या मधे एकसंध लाकडी रिकर्व्हला कुणी वाली उरला नाही. ते मोडले म्हणून बाजूला पडले नव्हते, फॅशन बदलली म्हणून पडले होते. वापरलेल्या धनुष्यांच्या बाजारात आज इतका चांगला माल मिळतो याचे खरे कारण हेच. परंतु माळा, मोटारीचा मागचा कप्पा, शेकोटीशेजारचा कोपरा या ठिकाणी ती कशी राहिली असतील हे कुणी सांगू शकत नाही. काचेला कीड लागत नसली तरी गोंदाला उष्मा बाधतोच. कौटिल्याच्या तीन शत्रूंपैकी निदान एक अजून शिल्लक आहे.

जुने धनुष्य पारखण्याचे काम हस्तलिखित पारखण्यासारखे आहे, असे म्हटले तर साहित्याच्या विद्यार्थ्यांना ते चटकन उमगेल. पोथीच्या पुष्पिकेवर आंधळा विश्वास ठेवता येत नाही, तसाच धनुष्यावरच्या लेखावरही ठेवता येत नाही. बेअर यांच्या अनेक धनुष्यांवर कॅनडातल्या पेटंटचा उल्लेख असून त्यापुढे १९५३ हा आकडा छापलेला असतो. हा आकडा पेटंटचा; धनुष्य मात्र त्यानंतर दहा-पंधरा वर्षांनी बनलेले असू शकते. तरीही 'हे १९५३ चे धनुष्य' म्हणून ते विकायला येते, आणि विकणारा अनेकदा प्रामाणिकपणेच तसे समजत असतो. अशा वेळी अंतर्गत पुरावा पाहावा लागतो. मुठीत बसवलेले कंपनीचे गोल नाणे लाकडाच्या पातळीत आहे की वर उचललेले आहे, हे पाहून १९७३ च्या सुमारासची सीमारेषा आखता येते, कारण उचललेले नाणे त्यानंतरचे. लिपीच्या वळणावरून पोथीचा काळ ठरवण्याचीच ही पद्धत आहे.

पण काळ ठरवणे हा पारखीचा लहान भाग झाला. मोठा भाग धनुष्याच्या शरीराचा. प्रत्यंचा चढवलेले धनुष्य टोकाकडून डोळ्यासमोर धरून पाहावे. प्रत्यंचा दोन्ही पात्यांच्या मध्यरेषेवरून सरळ गेली पाहिजे. ती एका कडेला सरकलेली दिसली, तर पाते पिळवटले आहे. वर्षानुवर्षे भिंतीला टेकवून ठेवल्याने किंवा प्रत्यंचा चढवताना एक पाय आत घालून धनुष्य वेडेवाकडे वाकवल्याने असे होते. मग थरांच्या सांध्यांवरून नख फिरवावे. कुठे थर सुटून उचलला गेला असेल तर ते धनुष्य ओढू नये. रोगणावर केसासारख्या बारीक रेघा असतात. पात्याच्या लांबीच्या दिशेने गेलेल्या बहुतेक निरुपद्रवी असतात, पण पात्याच्या आडव्या जाणाऱ्या काचेतल्या भेगा घातक समजाव्यात. मुठीला भोके पाडून पूर्वीच्या मालकाने काही उपकरणे बसवली होती का, हेही पाहावे. आणि सर्वांत शेवटी अटनी, म्हणजे टोकाशी प्रत्यंचा अडकवण्याच्या खाचा, तपासाव्यात.

या खाचांशी एक ऐतिहासिक पेच अडकलेला आहे. १९५० व १९६० च्या दशकांतली धनुष्ये डॅक्रॉन या पॉलिस्टर दोऱ्याच्या प्रत्यंचेसाठी बनवलेली होती. डॅक्रॉन किंचित ताणला जातो आणि बाण सुटल्यावरचा धक्का थोडा गिळतो. १९८० च्या दशकापासून आलेले नवे दोरे जवळजवळ ताणलेच जात नाहीत. बाणाला त्यामुळे वेग मिळतो, पण सगळा धक्का टोकांवर येतो, आणि जुन्या धनुष्याची टोके त्यासाठी मजबूत केलेली नसतात. म्हणून जुन्या धनुष्याला डॅक्रॉनच लावावा, हा जाणत्यांचा दंडक आहे. संस्कृतात प्रत्यंचेला 'गुण' असेही म्हणतात. जुन्या धनुष्याला नव्या काळाचा गुण सोसत नाही, असे श्लेषाने म्हणावेसे वाटते. पण हा केवळ श्लेष नव्हे, त्यात एक पाते फुटण्याचा प्रश्न आहे.

आता नव्या स्वस्त धनुष्याकडे वळू. त्याला नाव ठेवणे सोपे आहे. ते एका कारागिराच्या हातचे नसते आणि त्याच्या मुठीचे लाकूड डोळ्यांत भरत नाही. पण त्याच्यामागेही इतिहास आहे. मूठ आणि दोन पाती सुटी करून पुन्हा जोडता यावीत ही कल्पना स्पर्धेच्या क्षेत्रात पक्की झाली. होइट कंपनीने १९८० च्या दशकात आणलेली पाती बसवण्याची पद्धत पुढे इतकी रूढ झाली, की एका कंपनीच्या मुठीवर दुसऱ्या कंपनीची पाती बसू लागली. जपानच्या यामाहाने १९५९ पासून २००२ पर्यंत धनुष्ये बनवली. १९९३ साली दक्षिण कोरियात विन अँड विन ही कंपनी सुरू झाली, आणि त्या देशाच्या तिरंदाजांनी पदकांची रास लावली तशी तिथली धनुष्येही जगभर गेली. या साऱ्याचे साधे, घरगुती रूप म्हणजे लाकडी मुठीला मोठ्या स्क्रूने पाती जोडण्याचे स्वस्त धनुष्य. २०१० च्या दशकात नवशिक्यांना सर्रास सुचवले जाणारे 'सॅमिक सेज' हे कोरियन नाव याच वर्गातले. त्याची लांबी ६२ इंच, म्हणजे सुमारे १५७ सेंटिमीटर, आणि पाती २५ पौंडांपासून ६० पौंडांपर्यंत पाच-पाच पौंडांच्या पायऱ्यांनी मिळत.

या पायऱ्यांतच सारे मर्म आहे, असे आमचे मत झाले आहे. धनुष्यावर लिहिलेले पौंड म्हणजे ते ठरावीक लांबीपर्यंत, बहुधा २८ इंच, ओढून धरायला लागणारा जोर. अमेरिकेतली जुनी धनुष्ये मुख्यतः शिकारीसाठी बनत, त्यामुळे ती ४५ किंवा ५० पौंडांची, म्हणजे २० ते २३ किलोंची, फार आढळतात. शिकाऊ माणसाला २५ पौंडांच्या आसपास सुरुवात करणे हिताचे असते. ४५ पौंडांचे धनुष्य तो एकदा-दोनदा ओढू शकेलही. पण ते ओढून, स्थिर धरून, नेम घेऊन, सुटका सारखी करणे त्याला साधणार नाही. स्नायू थरथरतील, खांदा वर चढेल, आणि त्या धडपडीत अंगात बसलेली खोड पुढे कित्येक महिने निघणार नाही. एकसंध जुन्या धनुष्याचा जोर कमी करता येत नाही. ते ज्या माणसासाठी बनले त्याचे बळ त्यात कायमचे कोरलेले असते. नव्या धनुष्याची पाती मात्र बदलता येतात. आज २५, सहा महिन्यांनी ३०, पुढे ३५, आणि मूठ तीच.

या मुद्द्यावर जुन्या कथा फार काही सांगतात. गांडीव धनुष्याचेच पाहा. विराटपर्वात बृहन्नडेच्या वेषातला अर्जुन उत्तराला गांडीवाचा पूर्वेतिहास सांगतो. ब्रह्मदेवाने ते १००० वर्षे धारण केले, प्रजापतीने ५०३, इंद्राने ८५, सोमाने ५०० आणि वरुणाने १०० वर्षे. त्यानंतर ते अर्जुनाकडे ६५ वर्षांसाठी आले. गांडीव हे मुळातच हातोहात आलेले धनुष्य आहे, आणि त्याच्या मालकांची यादी महाभारतकार अभिमानाने देतात. अज्ञातवासाला निघताना पांडवांनी आपली धनुष्ये शमीवर ठेवली, तेव्हा आधी त्यांच्या प्रत्यंचा उतरवल्या. महाभारतात त्यासाठी 'अपज्य' करणे असा शब्द येतो. दसऱ्याला शमीची पूजा करताना ही कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो, पण प्रत्यंचा उतरवण्याचा तपशील त्यातून गळला. धनुष्य ताणलेले ठेवून देऊ नये, हा नियम जाणणाऱ्याने ती ओळ लिहिली आहे.

आणि मग मौसलपर्व येते. यादवांच्या नाशानंतर स्त्रियांना व मुलांना घेऊन अर्जुन निघाला असता वाटेत लुटारू हल्ला करतात. गांडीवावर प्रत्यंचा चढवायला त्याला महत्प्रयास पडतात. अस्त्रे आठवत नाहीत, बाण संपतात, आणि अखेर तो धनुष्याच्या टोकानेच शत्रूंना मारू लागतो. गांडीव तेच आहे. ते पिळवटलेले नाही, त्याचा थर सुटलेला नाही. बदलला आहे तो हात. महाप्रस्थानाच्या वेळी अग्नी येऊन ते वरुणाला परत करण्यास सांगतो आणि अर्जुन ते पाण्यात सोडतो. अर्थात महाभारताला इथे काळाचे सामर्थ्य दाखवायचे आहे, शरीरशास्त्र नव्हे. पण न बदलणारे धनुष्य आणि बदलणारा धनुर्धर यांच्यातली ही दरी प्रत्येक जुन्या धनुष्याच्या विक्रीमागे कुठेतरी असते. ज्या म्हाताऱ्या शिकाऱ्याचे ५० पौंडांचे धनुष्य आज विकायला निघते, त्याला त्याचा कंटाळा आला होता असे नाही. एके दिवशी ते त्याला ओढवेनासे झाले. पाती बदलता आली असती तर मूठ आणखी वीस वर्षे त्याच्याकडे राहिली असती.

शिवधनुष्याची कथा दुसरी बाजू दाखवते. वाल्मीकी रामायणात ते देवरातापासून जनकाच्या कुळात ठेव म्हणून आलेले, पूजिलेले धनुष्य आहे. आठ चाकांच्या लोखंडी पेटीत ते ठेवलेले असते आणि ५००० माणसे ती ओढून आणतात. राम त्यावर प्रत्यंचा चढवतो, ओढतो आणि ते मधोमध मोडते. या प्रसंगात रामाचा पराक्रम आहे याविषयी वाद नाही. परंतु पुढे परशुराम येऊन जी हकीकत सांगतो ती आपल्या विषयाला फार जवळची आहे. विश्वकर्म्याने घडवलेल्या दोन धनुष्यांपैकी हे एक. शिव आणि विष्णू यांच्या युद्धात विष्णूच्या हुंकाराने ते शिथिल झाले होते, आणि त्यानंतर ते देवराताकडे आले. दुसरे, विष्णूचे, अभंग धनुष्य परशुरामाच्या हाती आहे, आणि ते सज्य करून दाखव असे तो रामाला आव्हान देतो. म्हणजे पेटीत पूजेला बसलेल्या धनुष्याला आधीच उणीव आलेली होती, हे काव्यातच नोंदले आहे. पूजा आणि पारख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संग्राहकाने भिंतीवर लावण्यासाठी घेतलेल्या धनुष्याला पारखीची गरज नाही. ओढण्यासाठी घेतलेल्याला ती आहेच, मग त्याचे कुळ कितीही थोर असो.

जुने की नवे हा प्रश्न पडण्यासाठीही धनुष्य टिकाऊ असावे लागते. सातपुड्यातल्या भिल्लांचा कमठा बांबूचा, आणि परंपरेने त्याची दोरीदेखील बांबूच्याच सालपटाची. तो मोडला की दुसरा बांबू तोडायचा. तिथे कुशलता वस्तूत साठवलेली नसून हातात आणि डोळ्यांत असते, ती बापाकडून मुलाकडे जाते, वस्तू जात नाही. भारतातल्या शिकाऊ खेळाडूची वाटही बहुधा बांबूच्या धनुष्यापासूनच सुरू होते. राष्ट्रीय स्पर्धांत त्यासाठी 'इंडियन राउंड' हा स्वतंत्र प्रकार आहे. सातारा जिल्ह्यातल्या सरडे गावचे प्रवीण जाधव २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये रिकर्व्ह प्रकारात खेळले. अशा खेळाडूपुढे १९६० च्या अमेरिकन धनुष्याचा मोह उभाच राहत नाही. तो अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसापुढे, शेजाऱ्याच्या गॅरेजमधल्या सामानाच्या विक्रीत, मात्र नक्की उभा राहू शकतो.

त्याने काय करावे, याचे आमचे उत्तर असे. पहिले धनुष्य नवे, साधे, पाती बदलता येतील असे घ्यावे, आणि हलक्या पात्यांनी सुरुवात करावी. त्यात कमीपणा मानू नये. ज्याला अजून स्वतःच्या ओढीची लांबी ठाऊक नाही, ज्याचे बळ दर महिन्याला बदलणार आहे, त्याने दुसऱ्याच्या बळाचे माप कायमचे गळ्यात बांधून घेणे शहाणपणाचे नाही. प्रत्यंचा चढवण्यासाठी स्ट्रिंगर ही साधी दोरी वापरावी, आणि बाण लावल्याशिवाय प्रत्यंचा कधीही ओढून सोडू नये. बाणाकडे जाणारी सगळी शक्ती अशा वेळी पात्यांत उलटते आणि चांगली धनुष्ये एका क्षणात फुटतात. वर्ष-दोन वर्षे अशी गेल्यावर, आपल्याला नेमके किती पौंड झेपतात हे कळल्यावर, त्याच मापाचे जुने धनुष्य शोधावे. तोवर डोळाही तयार झालेला असतो. मग जुन्या धनुष्याचा आनंद निखळ असतो, कारण एकसंध लाकडी मुठीचे ते शांत, हलके, हातात मुरलेले वजन स्वस्त जोडधनुष्यात नसते, हेही तितकेच खरे आहे. जुन्याची थोरवी आम्हांस नाकारायची नाही. तिचा अधिकार केव्हा येतो, एवढेच सांगायचे आहे.

साहित्याच्या अध्यापनात हा क्रम आपण बहुधा उलटा ठेवतो. विद्यार्थ्याच्या हाती पहिल्याच वर्षी पूर्ण वजनाचे अभिजात ग्रंथ देतो, ते त्याला ओढवले नाहीत की त्याच्या बळाला दोष देतो, आणि अंगात बसलेल्या खोडी, म्हणजे न समजता मान डोलावण्याची सवय, आयुष्यभर निघत नाहीत. हलक्या पात्यांवर सराव करून घेतलेला विद्यार्थीच पुढे ज्ञानेश्वरी हातात घेऊन ती उलटसुलट करून पाहू शकेल, पाठभेदाची भेग कुठे आहे ते नखाने चाचपू शकेल.

ओडिसियसचे धनुष्य वीस वर्षे खोळीत, खुंटीवर होते. ट्रॉयच्या युद्धावर जाताना त्याने ते नेलेच नव्हते. इफिटस या मित्राची भेट म्हणून घरी ठेवले होते. तरुणांनी ते शेकोटीवर शेकले, त्याला चरबी चोळली, आणि तरी त्यांना ते वाकले नाही. त्यांपैकी एकानेही ते आधी तपासून पाहिल्याचे होमर सांगत नाही. ओडिसियसने पाहिले, मग प्रत्यंचा चढवली, आणि बाण लावण्यापूर्वी ती एकदा बोटाने छेडून तिचा आवाज ऐकला.